हायलंडच्या नावापुढच्या रेघा

मागच्या एप्रिलमध्ये एका शुक्रवारी सुट्टी टाकून इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या काउंटी ग्राउंडवर जाऊन बसले होते. अकराचा खेळ, मी साडेदहाला हजर. अंगात दोन स्वेटर, मांडीवर घोंगडी, पिशवीत स्कोअरबुक. नाणेफेक झाली, खेळाडूंची नावं लाउडस्पीकरवरून सांगितली गेली, मी ती वहीत उतरवून घेतली आणि पाऊस सुरू झाला. मोठा नव्हे, इथला नेहमीचा. छत्री उघडावी की नाही असा विचार करेपर्यंत माणूस भिजलेला असतो, तसला. कव्हर्स आली. बारा वाजता पंच छत्र्या घेऊन मैदानात फिरून गेले, एकाने बुटाचं टोक गवतात दाबून पाहिलं. दोन वाजता पुन्हा तेच.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा होते. थर्मासमधला चहा झाकणात ओतून घेत होते. माझ्या मांडीवरचं स्कोअरबुक बघून म्हणाले, "आज दोन ओव्हर्स झाल्या तरी पुष्कळ. याच मैदानावर एका माणसाची अख्खी कारकीर्द दोन ओव्हर्सची झाली आहे, ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांनी नाव सांगितलं, हायलंड. मी ते स्कोअरबुकच्या समासात लिहून घेतलं. त्या दिवशी त्या वहीत अकरा अधिक अकरा नावांखेरीज एवढीच नोंद झाली.

फ्रेडरिक जेम्स हायलंड. जन्म १८९३चा. १९२४ साली तो हॅम्पशरकडून नॉर्थॅम्प्टनशरविरुद्ध खेळायला इथे आला, व्यावसायिक खेळाडू म्हणून. वय तीस. काउंटीचे, म्हणजे इथल्या परगण्यांच्या संघांचे, सामने तेव्हा तीन दिवसांचे असत. त्या तीन दिवसांत पावसाने खेळ होऊ दिला तो फक्त दोन ओव्हर्सचा. नॉर्थॅम्प्टनशरची फलंदाजी होती, धावसंख्या बिनबाद एक. तिथे सामना संपला. हायलंड त्यानंतर प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही.

घरी येऊन मी त्याची आकडेवारी शोधून काढली. सामने : १. त्यापुढे धावा, सरासरी, सर्वोच्च धावसंख्या, बळी अशा सगळ्या रकान्यांत आडव्या रेघा. त्या रेघांकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

हे का, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. माझे बाबा स्कोअरर. पोटापाण्यासाठी बँकेत होते, पण पावसाळ्यातले रविवार कांगा लीगचे. मुंबईच्या बाहेरच्यांसाठी सांगते : कांगा लीग ही भर पावसाळ्यात खेळली जाणारी स्पर्धा, १९४८ पासून चालू असलेली. खेळपट्टी झाकायची नाही, आउटफिल्डमध्ये गवत घोट्याच्या वर, आणि सामने जेवढे होतात तेवढेच जवळजवळ वाहूनही जातात. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून बाबांबरोबर आझाद मैदानावर तंबूत बसायचे. पेन्सिलींचा डबा सांभाळणं हे माझं काम. प्रत्येक गोलंदाजाला वेगळा रंग.

स्कोअरबुक लिहिणं बाहेरून वाटतं तेवढं कोरडं काम नाही. गोलंदाजाच्या नावापुढे प्रत्येक ओव्हरसाठी एक चौकोन. त्यात सहा चेंडूंची सहा टिंबं, तीन-तीनच्या दोन रांगा. धाव निघाली की टिंबाच्या जागी आकडा. ओव्हर निर्धाव गेली की ती सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा, आणि निर्धाव षटकात बळी मिळाला असेल तर तीच टिंबं उलटी जोडून डब्ल्यू. त्याच चेंडूचं टिंब फलंदाजाच्या ओळीतही पडलं पाहिजे. दिवसाच्या शेवटी फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर यांची बेरीज गोलंदाजांच्या बाजूच्या बेरजेशी जुळवायची. बाबा त्याला ताळा म्हणायचे. ताळा जमला नाही तर आम्ही घरी जायचो नाही.

बाबांचा एक नियम होता. पहिला चेंडू पडायच्या आधी दोन्ही संघांची अकराच्या अकरा नावं शाईने आणि पूर्ण लिहायची. बाकी सगळं पेन्सिलीने चालेल. तंबूतले दुसरे स्कोअरर आडनाव लिहून मोकळे व्हायचे, काहीजण तर नावं फलंदाज खेळायला आल्यावरच लिहायचे. बाबा मात्र कर्णधाराकडून यादी घ्यायचे आणि एकेका मुलापाशी जाऊन विचारायचे, "बाळ, तुझं पूर्ण नाव काय?" पावसाची चिन्हं असली तर हे काम आणखी लवकर उरकायचे. मी एकदा विचारलं की एवढा आटापिटा कशाला, तर म्हणाले, "अगं, पाऊस आला तर याच्यापुढे काहीच लिहायला मिळणार नाही. नाव तरी नीट असू दे."

एका वर्षी एक मुलगा आला होता. नेहमीचा कोणीतरी आजारी पडला म्हणून त्याला बोलावलं होतं. बूट उसने, पॅड उसने. पाचेक ओव्हर्स झाल्या आणि धो-धो कोसळलं. तासभर तो तंबूच्या कडेला मैदानाकडे तोंड करून उभा होता, बाकीचे वडे खायला गेले तरी. सामना रद्द झाल्याचं जाहीर झालं तेव्हा बाबांजवळ आला आणि विचारलं, "काका, माझं नाव आलं का?" बाबांनी वही त्याच्याकडे फिरवून दाखवली. त्याने बोट न लावता, नुसतं वाकून वाचलं. पुढच्या रविवारी तो नव्हता. त्यानंतर कधीच नव्हता.

म्हणून हायलंडच्या रेघांशी मी थांबले.

शून्य आणि आडवी रेघ यांतला फरक स्कोअरर झाल्याशिवाय खरा कळत नाही. शून्य ही कमावलेली गोष्ट आहे. शून्य म्हणजे तू मैदानात चालत गेलास, गार्ड घेतलास, चेंडू खेळलास किंवा चुकवलास. शून्यावर बाद झालेल्या माणसापाशी सांगायला काहीतरी असतं : चेंडू आत आला, पंचांनी चुकीचं दिलं, उन्हाची तिरीप डोळ्यांत गेली. रेघेवाल्यापाशी तेही नसतं. लोक हायलंडची गोष्ट गंमत म्हणून सांगतात, त्या आजोबांनीही तशीच सांगितली. मला त्यात गंमत दिसत नाही. तिशीत व्यावसायिक म्हणून काउंटीच्या संघात नाव लागलेला माणूस तिथपर्यंत सहज पोचलेला नसतो. दर मोसमात कितीजण ट्रायलला येतात आणि परत जातात, ते मी इथे या मैदानाशेजारी राहून पाहते आहे.

आणि संघ कोणता, तेही पाहायला हवं. त्या काळचं हॅम्पशर. कर्णधार लायनेल टेनिसन, पुढे लॉर्ड झालेला, कवी टेनिसनचा नातू. यष्टिरक्षक वॉल्टर लिव्हसी हा त्याच टेनिसनचा खासगी नोकर. डावखुरा फिल मीड, ज्याने हॅम्पशरसाठी ४८,८९२ धावा केल्या. एका संघाकडून इतक्या धावा आजवर दुसऱ्या कोणी केलेल्या नाहीत. आणि त्याआधी दोनच वर्षं, १९२२ साली, याच संघाने एजबॅस्टनला वॉरिकशरविरुद्ध जे केलं ते अजूनही खरं वाटत नाही. पहिल्या डावात सर्व बाद १५. फॉलोऑन. दुसऱ्या डावात ५२१, त्यात जॉर्ज ब्राउनचे १७२ आणि दहाव्या क्रमांकावर आलेल्या त्या लिव्हसीचे नाबाद ११०. सामना १५५ धावांनी जिंकला. अशा ड्रेसिंगरूममध्ये हायलंड आपली बॅग घेऊन शिरला होता.

शिरला होता ते अर्थात व्यावसायिकांच्या दारातून. इंग्लंडमध्ये तेव्हा हौशी खेळाडू म्हणजे 'जंटलमन' आणि पैसे घेऊन खेळणारे म्हणजे 'प्लेअर' अशी सरळ फाळणी होती. बऱ्याच मैदानांवर कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात यायची फाटकंही वेगळी. धावफलकावर नावं छापण्याची पद्धतसुद्धा वेगळी : हौशी असेल तर आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिक असेल तर नंतर, नाहीतर नुसतं आडनाव. १९५० साली लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस या पोराच्या नावाची आद्याक्षरं चुकून पुढे छापली गेली, तर ती चूक दुरुस्त करणारी घोषणा लाउडस्पीकरवरून झाली होती. ही पद्धत बंद व्हायला १९६२ साल संपत यावं लागलं. नावाच्या बाबतीत बाबांसारखा काटेकोरपणा तिथेही होता म्हणायचा, पण तो काटेकोरपणा माणसाला त्याची पायरी दाखवण्यासाठी होता. मला त्याचा राग येतो.

पुन्हा त्या दोन ओव्हर्सकडे येते. मी स्कोअरबुकचं एक कोरं पान घेऊन तो सामना मांडायला बसले होते. किती थोडं लिहायचं होतं! नॉर्थॅम्प्टनशरच्या बाजूला दोन सलामीवीर, त्यांच्याखाली नऊ नावं फलंदाजीला न आलेली. गोलंदाजीच्या बाजूला दोन चौकोन. हॅम्पशरच्या डावाचं पान पूर्ण कोरं.

ते चौकोन आखताना एक गोष्ट पहिल्यांदाच नीट लक्षात आली. इतकी वर्षं लिहूनसुद्धा आली नव्हती. स्कोअरबुकात मैदानात उभं राहण्याला रकाना नाही. चेंडू पडतो तेव्हा गोलंदाजाची नोंद होते, फलंदाजाची होते. बाकीचे दहाजण झेल घेतील किंवा धावचीत करतील तेव्हाच वहीत येतात. त्या दोन ओव्हर्समध्ये प्रत्येक चेंडूला हायलंडही इतरांसारखा दोन पावलं पुढे चालला असेल, गुडघे वाकवले असतील, ओल्या गवतावर पाय घट्ट रोवले असतील. एखादा चेंडू त्याच्याकडे आला असेल तर उचलून परत फेकला असेल. या सगळ्याला चिन्ह नाही. आणि तरी तो सामना 'खेळला' असं आपण म्हणतो, म्हटलंच पाहिजे. कांगा लीगमध्ये घोट्याएवढ्या चिखलात लाँगऑनला उभी असलेली पोरं मी बघितली आहेत. त्यांना कोणी सांगून बघावं, की तुम्ही काही केलं नाहीत म्हणून.

तेव्हा खेळपट्ट्या उघड्या असत, हेही ध्यानात ठेवायला हवं. आज पाऊस थांबला की कव्हर्स ओढून तासा-दीड तासात खेळ सुरू होतो. तेव्हा पाणी जे मुरायचं ते मुरायचंच, आणि मग ऊन पडायची वाट बघत बसायचं. बाजूला या मैदानाचा एक भाग फुटबॉल क्लबकडे होता, १९९४ पर्यंत होता. एका अंगाला फुटबॉलचे स्टँड, मधे ओलं मैदान आणि पॅव्हेलियनमध्ये पत्ते खेळत बसलेले दोन संघ, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं. पत्त्यांचं मी माझ्या पदरचं घातलं आहे. पण पाऊस पडत असताना क्रिकेटपटू दुसरं काय करतात?

खरं तर याच पावसाने नॉर्थॅम्प्टनशरची लाज एकदा राखली होती. १९०७ साली ग्लॉस्टरला हा संघ सर्व बाद १२ झाला. जॉर्ज डेनेटने नऊ धावांत आठ बळी घेतले. दुसऱ्या डावात जिंकायला अजून बऱ्याच धावा हव्या होत्या आणि धावसंख्या होती ७ बाद ४०. शेवटच्या दिवशी पाऊस पडला आणि सामना अनिर्णित सुटला! इथल्या जुन्या प्रेक्षकांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. पाऊस कोणाला काय देईल याचा नेम नाही.

१९२४चा उन्हाळा मुळात ओलाच होता. त्याच मोसमात जुलैअखेर मँचेस्टरला, ओल्ड ट्रॅफर्डवर, इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातली चौथी कसोटी झाली. तिच्यात जॅक मॅकब्रायन नावाचा सॉमरसेटचा फलंदाज पहिल्यांदा इंग्लंडकडून उतरला. खेळ झाला पावणेतीन तास. दक्षिण आफ्रिका ४ बाद ११६, आणि मग पाऊस. मॅकब्रायनला फलंदाजी मिळाली नाही, गोलंदाजी मिळाली नाही, झेलही नाही, आणि पुढे दुसरी कसोटीही नाही. कसोटी खेळलेल्यांत इतकी कोरी नोंद असलेला तो एकटाच.

पण मॅकब्रायनला मी हायलंडच्या शेजारी बसवणार नाही. तो हौशी, केंब्रिजचा. पहिल्या महायुद्धात अगदी सुरुवातीलाच ल काटोच्या लढाईत जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्णपदक घेऊन आला. प्रथम श्रेणीत दहा हजारांवर धावा आहेत. १९२५ साली विस्डेनने, म्हणजे क्रिकेटच्या प्रसिद्ध वार्षिकाने, त्याला वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत घेतलं. त्याच्या एका रिकाम्या कसोटीच्या अवतीभवती सगळं आयुष्य भरलेलं आहे, आणि ते लोकांनी लिहूनही ठेवलं आहे. नव्वदी गाठून १९८३ साली गेला, तेव्हा इंग्लंडच्या हयात कसोटीपटूंमध्ये वयाने सर्वांत मोठा होता. हायलंडच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तसं काही नाही.

नाही म्हणायला एक गोष्ट आहे. विस्डेनच्या मृत्युलेखांत त्याच्यावर दोन-तीन वाक्यं आली. सत्तर वर्षांचा होऊन तो १९६४ साली गेला, त्यानंतरची. त्यांत ते दोन ओव्हर्स आहेतच, आणि शेवटी असं आहे की पुढे चेशरमध्ये रोपवाटिकेच्या धंद्यात त्याने नाव कमावलं.

मी हे वाचून खुर्चीतून उठले होते. मला फार आनंद झाला. रोपवाटिका! सकाळी उठून पहिल्यांदा आभाळाकडे बघणारा माणूस. कुंड्यांमधली माती बोटाने दाबून ओल बघायची, पंच खेळपट्टीला बूट लावून बघतात तशी. उन्हाळ्यात पंधरा दिवस पाऊस नाही आला की जीव खाली-वर, आणि आला की घरात शिरून खिडकीतून बघत राहायचं. चेशर हा इंग्लंडचा वायव्येकडचा भाग, तिथे पावसाला तोटा नाही. त्याने तिथे कोणती झाडं वाढवली असतील? गुलाब? कोबीची रोपं? एका माणसाच्या हातची रोपं दुसऱ्याच्या बागेत जातात, त्यांतली काही झाडं आजही उभी असतील. त्यांच्यावर मात्र नाव नसतं.

जाता जाता : लॉर्ड्सच्या मैदानाच्या एका टोकाला 'नर्सरी एंड' म्हणतात. मी लहानपणी समजायचे की लहान मुलांना तिथे क्रिकेट शिकवतात म्हणून ते नाव. खरी गोष्ट वेगळी आहे. ती जागा म्हणजे हेंडरसन यांची रोपवाटिका होती, अननस आणि ट्युलिपसाठी प्रसिद्ध. लॉर्ड्सचं मैदान ज्यांचं, त्या एमसीसी क्लबने ती १८८७ साली विकत घेतली. क्रिकेटने रोपवाटिकेची जागा घेतली आणि हायलंडच्या बाबतीत रोपवाटिकेने क्रिकेटची.

आणखी एक गोष्ट मनात राहते. ते दोन ओव्हर्स झालेच नसते तर? १९७०-७१च्या मोसमात मेलबर्नला ऑस्ट्रेलिया-इंग्लंड कसोटी पावसात बुडाली, एकही चेंडू पडला नाही, आणि ती आजही कसोटी म्हणून धरली जात नाही. त्याऐवजी शेवटच्या दिवशी मर्यादित षटकांचा सामना खेळवला, आणि तोच पुढे पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना म्हणून इतिहासात गेला. म्हणजे चेंडू पडला तर सामना. नॉर्थॅम्प्टनला ढग आणखी थोडा वेळ थांबले असते, किंवा पंचांनी म्हटलं असतं की राहू द्या आता, तर हायलंड नावाचा प्रथम श्रेणी क्रिकेटपटू झालाच नसता. त्या पंचांनी चला म्हटलं. मला त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

रविवारी बाबांना फोन केला. दादरच्या घरी आता ते एकटेच असतात, ऐकायला कमी येतं, पण क्रिकेटचं सगळं ऐकू येतं. मी सगळी गोष्ट सांगितली. १५ आणि ५२१ वर ते "काय सांगतेस!" म्हणाले. दोन ओव्हर्सचं ऐकून काहीच बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाले, "आणि नाव काय म्हणालीस त्याचं?"

"हायलंड."

"तसं नाही. पूर्ण सांग. थांब, पेन घेतो."